तिकीट काढून नाटक पाहू या

गेल्या रविवारी आमच्या वस्तीतल्या विहारात जयंती समितीची बैठक झाली. मी बी.कॉम. आहे आणि एका कंपनीच्या हिशेब खात्यात कारकून आहे, म्हणून समितीचा जमाखर्च बरीच वर्षे माझ्याच वहीत असतो. गेल्या वर्षीचा हिशेब मी वाचून दाखवला. मंडप, रोषणाई, भोजनदान, मुलांना वह्या आणि शेवटी डीजे. डीजेचा आकडा वाचताना माझा आवाज थोडा चढला असेल, कारण तो आकडा वह्यांच्या खर्चाच्या चौपट होता. वही मिटून मी म्हणाले, "यंदा डीजे एकच दिवस ठेवा. उरलेल्या पैशांत वस्तीतली साठ माणसं बसने नाट्यगृहात नेऊ. तिकीट काढून नाटक पाहू."

क्षणभर कुणी बोलले नाही. मग मागच्या बाजूला पोरे हसली. आमच्या वस्तीतले एक वयस्कर काका, ज्यांच्याबद्दल मला मनापासून आदर आहे, ते म्हणाले, "ताई, नाटक म्हंजे त्यांच्या सोफ्यावरच्या गप्पा. नवरा-बायकोची भांडणं. आपलं काय त्यात?" एका भगिनीने विचारले, "तीन तास पोरं बसतील का?" शेवटी अध्यक्षांनी ठरवले की पुढच्या रविवारी निर्णय घ्यायचा, आणि तोवर ताईंनी कोणती नाटके दाखवण्यासारखी आहेत ते लिहून आणायचे.

ते लिहायला बसले तर यादी बाजूलाच राहिली आणि दुसरेच आठवत गेले. म्हणून वाचक बंधू-भगिनींपुढेही ते मांडते आहे.

काकांचे म्हणणे पूर्ण खोटे नाही. माझे बालपण गिरणगावात चाळीत गेले. वडील गिरणीत. आमच्या घरात गाणे होते, जलसा होता, पण तिकिटाचे नाटक नव्हते. नाशिकच्या भीमराव कर्डकांचा जलसा वडिलांच्या वडिलांनी पाहिला होता आणि त्यातली बतावणी ते नक्कल करून सांगत, एवढे मला ऐकून माहीत. अण्णाभाऊंची लोकनाट्ये तर गिरणगावचीच. 1955 साली त्या वेळच्या औरंगाबादला, मिलिंद महाविद्यालयात, म. भि. चिटणीसांचे 'युगयात्रा' झाले आणि ते स्वतः बाबासाहेबांनी पाहिले. म्हणजे रंगमंच आपल्याला नवा नाही. नाट्यगृहाची तिकीटखिडकी मात्र नवी आहे. मी स्वतः पहिले तिकीट काढले तेव्हा तिशी ओलांडली होती. खिडकीतल्या माणसाने "कुठली रांग?" असे विचारले आणि मला काय सांगावे ते कळेना.

ते नाटक होते 'शिवाजी अंडरग्राउंड इन भीमनगर मोहल्ला'. 2012 साली ते रंगमंचावर आले. लेखक राजकुमार तांगडे, जालना जिल्ह्यातल्या जांब समर्थ गावचे. कल्पना आणि गाणी लोकशाहीर संभाजी भगत यांची, दिग्दर्शन नंदू माधव यांचे. नटांत कितीतरी जण जालन्याकडचे, शेती करणारे. आम्ही ते 2013 मध्ये ठाण्याला पाहिले. नाटकाची हौस म्हणून नव्हे, वस्तीतल्या एका भांडणामुळे.

आमच्या चौकात विजेचा एक खांब आहे. एप्रिलमध्ये त्यावर आपल्या जयंतीचा फलक लागतो. त्या वर्षी फेब्रुवारीत शेजारच्या आळीतल्या मंडळाने शिवजयंतीचा फलक तिथेच बांधला आणि मार्च संपला तरी उतरवला नाही. आमच्या पोरांनी तो उतरवला. त्यावरून धक्काबुक्की झाली, पोलीस आले, दोन्हीकडच्या मुलांची नावे लिहून घेतली. त्यात माझा धाकटा दीर होता. त्याची नोकरीची परीक्षा तोंडावर होती. घरात दोन दिवस कुणी नीट जेवले नाही.

अशा वेळी एका कार्यकर्त्या मित्राने या नाटकाचे नाव सांगितले. मी वीस तिकिटे काढली आणि शेजारच्या आळीतल्या मंडळाकडेही गेले. ते संशयाने बघत राहिले. "नावात शिवाजी आहे, मग भीमनगर कशाला?" असे एकाने विचारले. शेवटी त्यांच्याकडून तिघे आले. फलक बांधणारा मुलगाही त्यात होता.

नाटकाची कथा थोडक्यात सांगते. यम शिवाजी महाराजांना न्यायला येतो. माणूस नेता येतो, विचार नेता येत नाही, आणि महाराज त्याच्या हातावर तुरी देतात. मग महाराजांचा टोप घेऊन यम पृथ्वीवर हिंडत राहतो, कुणाच्या डोक्यात तो नेमका बसतो ते बघत. टोप मिरवायला पुढे येणारे पुष्कळ, पण बसत कुणालाच नाही. हिंडता हिंडता तो येतो भीमनगरात. पुढे दोन शाहिरांचा सामना होतो. एकाचा शिवाजी फक्त मुसलमानांना मारणारा, दुसऱ्याचा रयतेची काळजी वाहणारा. गोविंद पानसरे यांची 1988 सालची 'शिवाजी कोण होता?' ही लहान पुस्तिका ज्यांनी वाचली असेल त्यांना यातले बरेच ओळखीचे वाटेल. पण पुस्तिका एकट्याने वाचायची असते. इथे आमच्या पोरांच्या खुर्चीला खुर्ची लावून ती तीन पोरे बसली होती आणि सगळी एकाच विनोदाला हसत होती.

परतताना ठाणे स्टेशनवर चहा घेतला. फलकवाला मुलगा म्हणाला, "आरमारात दौलतखान होता, हे आम्हाला कुणी सांगितलंच नाही." माझा दीर म्हणाला, "आम्हाला तरी कुठं सांगितलं? आम्ही महाराजांना तुमचेच समजत होतो." गाडी येईपर्यंत दोघे बोलत राहिले. वाद मिटला असे मी म्हणणार नाही. दोन्हीकडे अजूनही काही डोकी तापलेली आहेत. मात्र पुढच्या फेब्रुवारीत त्यांचा फलक समोरच्या खांबावर लागला, आणि "ताई, सोळा मार्चला काढतो" हे सांगायला तोच मुलगा घरी आला. सतरा मार्चला काढला, पण काढला. दीर पुढे परीक्षा पास झाला.

याच तांगडे यांचे 'आकडा' नावाचे नाटक आहे, तारेवर आकडा टाकून वीज घेणाऱ्या गावाचे. आकडा म्हणजे काय हे ज्या वस्तीत समजावून सांगावे लागत नाही, तिथे ते जास्त रंगेल. नाशिकच्या दत्ता पाटलांचे 'हंडाभर चांदण्या' हेही तसेच, पाण्याच्या टँकरकडे डोळे लावून बसलेल्या माणसांचे. गावाकडून नुकतीच शहरात आलेली घरे आपल्याकडे किती आहेत हे मी सांगायला नको.

'सत्यशोधक'ची गोष्ट निराळी. गो. पु. देशपांडे यांनी महात्मा फुल्यांवर लिहिलेले हे नाटक 1992 सालचे. पण 2012 मध्ये अतुल पेठे यांनी ते पुणे महानगरपालिकेच्या कामगार युनियनमधल्या सफाई कामगारांना घेऊन बसवले. जोतिबा आणि सावित्रीबाई करणारे ओंकार गोवर्धन आणि पर्ण पेठे हे सराईत नट, आणि त्यांच्यासोबत रस्ते झाडणारी, कचरा उचलणारी माणसे. माझ्या सासूबाई नगरपालिकेच्या झाडू खात्यातून निवृत्त झालेल्या. त्यांना मी मुद्दाम घेऊन गेले. पहिली पंधरा मिनिटे त्या नाटकाकडे बघतच नव्हत्या, त्या माणसांकडे बघत होत्या. मला कोपराने ढोसून म्हणाल्या, "खरंच झाडू खात्यातली हायेत का गं? कसं खणखणीत बोलतायत!" संपल्यावर हट्टाने आत गेल्या. तिथल्या एका बाईंशी त्यांचे नाटकाबद्दल एक अक्षर बोलणे झाले नाही. "किती वर्षं सर्व्हिस? हजेरी किती वाजता? हातमोजे देतात का?" एवढेच. दोघी हसल्या आणि एकमेकींचे हात धरून उभ्या राहिल्या. घरी आल्यावर सासूबाईंनी नातीला सांगितले, "आपल्यासारखी माणसं होती स्टेजवर." जोतिबांविषयी मी नंतर विचारले तेव्हा म्हणाल्या, "त्यांचं मला आधीपासून ठाऊक होतं. ह्या लोकांचं नव्हतं."

आता ज्या नाटकावरून आमच्या घरात भांडण झाले त्याबद्दल लिहिते. 'संगीत देवबाभळी'. लेखक-दिग्दर्शक प्राजक्त देशमुख, हेही नाशिकचे. 2017 च्या अखेरीस ते व्यावसायिक रंगभूमीवर आले आणि पुढे त्याच्या पुस्तकाला साहित्य अकादमीचा 2020 चा युवा पुरस्कार मिळाला. नाटकात दोनच बायका, तुकोबांची आवली आणि विठ्ठलाची रखुमाई. माझ्या मुलीने शाळेतल्या बाईंकडून त्याचे कौतुक ऐकले आणि हट्ट धरला. सासूबाई कडाडल्या, "ज्या देवाला आम्ही घरातून काढलं, त्याच्यापायी तिकिटाला पैसे घालायचे? बावीस प्रतिज्ञा कशाला घेतल्या मग?" त्यांचे चुकीचे होते असे मला तेव्हा वाटले नाही, आजही वाटत नाही. ज्यांनी स्वतःच्या हाताने देव्हारे रिकामे केले त्यांना तो प्रश्न विचारण्याचा अधिकार आहे. मी एवढेच म्हणाले, "आई, पूजा करायला नाही, बघायला जायचंय. नाही पटलं तर मध्यंतरात उठू." नातीसाठी त्या आल्या, पण चेहरा घट्ट करून.

गोष्ट अशी की तुकोबा डोंगरावर जाऊन बसलेत आणि पोटुशी आवली त्यांना भाकरी द्यायला हिंडते आहे. तिच्या पायात काटा रुततो. तो काटा खुद्द विठ्ठल काढतो आणि तिच्या सेवेला रखुमाईला पाठवतो, लखुबाई असे नाव घेऊन. त्यानंतर दोघी स्वयंपाकघरात, आणि बोलत राहतात. आवली विठ्ठलाला मनसोक्त बोल लावते. नवरा त्याच्या नादी लागला आणि संसार हिच्या डोक्यावर आला. आणि ज्याच्यामुळे हे झाले त्याचीच बायको तिच्यासमोर बसली आहे, तिची स्वतःची दुखणी घेऊन. नाटकात गाणी भरपूर आहेत आणि ती सुरेल आहेत. काही ठिकाणी मला ती जास्त झाली असे वाटले, आवली बोलत असते तेव्हाच नाटक खरे चालते. पण हे माझे मत, शेजारच्या बाई प्रत्येक गाण्याला डोळे पुसत होत्या.

मध्यंतरात सासूबाई उठल्या नाहीत. परत येताना गाडीत खिडकीपाशी बसल्या. मुंब्रा गेले तरी बोलल्या नाहीत. मग माझ्याकडे न बघता म्हणाल्या, "ती आवली खोटं नव्हती बोलत. तुझे सासरे बी असेच. आज नामांतराचा मोर्चा, उद्या बैठक, परवा शिबिर. मी पहाटे पाचला झाडूला जायची. परत येऊन पोरांचं बघायची. त्यांना हार पडले, लोकांनी आमच्या दारात घोषणा दिल्या. मला कुणी विचारलं नाही, बाई, तू जेवलीस का."

सासरे जाऊन त्या वेळी बरीच वर्षे झाली होती. त्यांचा फोटो आमच्या घरात बाबासाहेबांच्या फोटोखाली आहे. चळवळीतला निष्ठावंत माणूस, एक पैशाचा कधी घोळ नाही. त्यांच्याबद्दल हे मी पहिल्यांदा ऐकत होते. मी काहीतरी समजुतीचे बोलणार तेवढ्यात त्या म्हणाल्या, "आता तू डोंगरावर. ऑफिस, मग महिला मंडळ, मग समिती. पोरीची शाळा, दप्तर, डबा माझ्याकडं. मी काय नाही म्हणत नाही. पण तूही विचारत नाहीस."

मला राग आला, हे प्रामाणिकपणे सांगते. मी काय हौसेला फिरते? असे तोंडावर आले होते. मुलगी दोघींच्या मध्ये बसून ऐकत होती म्हणून गप्प राहिले. रात्री झोप लागली नाही. मी महिला मंडळात घरकामाच्या वाटणीवर भाषणे करते. त्या भाषणांना जाता यावे म्हणून सत्तरीकडे झुकलेली एक बाई माझ्या घरची भाकरी थापते, हे मी कधी वहीत मांडलेच नव्हते. आणि हिशेब माझ्याकडे!

त्यानंतर आमच्या घरात दोन गोष्टी बदलल्या. बुधवारी आणि शनिवारी संध्याकाळी मी कुठेही जात नाही, स्वयंपाक माझा किंवा यजमानांचा. यजमान बुधवारी डाळ खारट करतात, पण करतात. आणि दुसरे म्हणजे, सासूबाई त्यांच्या नोकरीचे दिवस सांगू लागल्या, जे आधी कधी सांगत नव्हत्या. मुलगी ते वहीत लिहून ठेवते. विठ्ठलाबद्दल त्यांचे मत बदललेले नाही. बदलावे असे मीही म्हणत नाही.

बाकी थोडक्यात. जयंत पवारांचे 'अधांतर' 1997 चे, म्हणून नवे म्हणता येणार नाही, पण ज्यांचे वडील 1982 च्या संपात देशोधडीला लागले त्यांनी ते चुकवू नये. 'लालबाग परळ' हा 2010 चा चित्रपट त्यावरूनच निघाला. पवार 2021 मध्ये गेले. माझ्या वडिलांना त्या नाटकाचे पुस्तक वाचून दाखवले तेव्हा ते म्हणाले, "सगळं असंच होतं. पण आमचं खातं नाही आलं." आपल्या माणसांना गिरणीत विणकाम खात्यात घेत नसत, कारण तुटलेला धागा तोंडाने ओढून धोट्यात घालावा लागे आणि इतरांना तो विटाळ वाटे. पगार तर तिथेच जास्त. बाबासाहेबांनी 1928 च्या संपाच्या वेळी हा प्रश्न लावून धरला होता. या धाग्यावर नाटक आहे का? माझ्या पाहण्यात नाही. आपल्या एखाद्या लिहित्या मुलाने किंवा मुलीने हे मनावर घ्यावे.

कॉलेजात आरक्षणावरून टोमणे ऐकणाऱ्या मुलांना संजय पवारांचे 'कोण म्हणतं टक्का दिला?' वाचायला द्या. ते 1990 च्या सुमाराचे, पण सवर्ण घरात सरकारी हुकमाने राहायला आलेला त्यातला कचऱ्या जे ऐकतो ते आमची मुले आजही ऐकतात. आणि ज्या पोरांना बघण्यापेक्षा करायची खुमखुमी आहे, त्यांच्यासाठी प्रेमानंद गज्वी यांची 'घोटभर पाणी' ही एकांकिका. दोन नट पुरतात, नेपथ्य जवळजवळ लागत नाही. विहाराच्या ओट्यावर होते. गज्वी 2019 साली नागपूरच्या अखिल भारतीय नाट्यसंमेलनाचे अध्यक्ष होते, हेही पोरांना सांगा.

एक व्यवहाराची गोष्ट. यातली काही नाटके सध्या चालू नसतात, मधूनच पुन्हा येतात, म्हणून वर्तमानपत्रातल्या नाटकांच्या जाहिराती बघत जा. व्यावसायिक नाटकाला पुढच्या रांगांचे तिकीट पाच-पाचशेच्या घरात जाते. बाल्कनी घ्या, आवाज तिथेही येतो. राज्य नाट्य स्पर्धेच्या प्राथमिक फेऱ्या तर जिल्ह्याजिल्ह्यांत होतात, तिकीट नाममात्र असते आणि अर्धे नाट्यगृह रिकामे असते. तिथे रोज नवीन लेखकाचे नवे नाटक. चार वाईट निघतील, पाचवे असे निघेल की परतताना गाडीत कुणीतरी बोलू लागेल. लहान मुलांना आधी खाऊ घालून न्या, आणि मोबाईल बंद ठेवा.

पुढच्या रविवारी समितीची बैठक आहे. बस, साठ तिकिटे आणि चहा मिळून आकडा मी काढला आहे. डीजेच्या एका दिवसापेक्षा तो थोडा जास्तच भरतो, हे लपवत नाही. कमी पडतील ते पैसे घरटी शंभर रुपये काढावेत असे सुचवणार आहे. काल सासूबाईंना हा हिशेब वाचून दाखवला. त्यांनी उशीखालचे पाकीट काढून शंभराची नोट माझ्या वहीत ठेवली आणि म्हणाल्या, "पावती फाड. आणि रविवारी मी बी येते बैठकीला. त्या काकांना मी सांगते सोफ्याचं."

पावती फाडली आहे. क्रमांक एक.